कीड उन्हानं मरते की नुसती वांझ होते?

एप्रिल लागला की कोल्हापुरात गच्चीगच्चीवर गव्हाचं वाळवण पडतं आणि शेताकडं बोलणं निघतं, "यंदा ऊन लई, हुमणी संपली बघ." वाळवण शहाणपणाचं आहे. हुमणीचं, म्हणजे मुळं कुरतडणाऱ्या अळीचं, मात्र खरं नाही. ती जमिनीत खोल बसते आणि वळीव पडला की तिचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर हजर! अमावास्येला भरलेला गहू किडतो असं सांगणारेही भेटतात. किड्यांना पंचांग कळत नाही, तापमान कळतं.

50 अंशांच्या पुढं धान्यातले बहुतेक किडे फार वेळ तग धरत नाहीत. पण खरी गंमत त्याच्या थोडी खाली आहे. तिथं किडा जिवंत असतो, हिंडतो-फिरतो, पण बाप होऊ शकत नाही.

पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावरचा एक ब्रिटिश प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. नरांना 5 दिवस 42 अंशांत ठेवलं, तर त्यांची पिल्लं जवळपास निम्म्यावर आली. उष्णतेची अशीच दुसरी लाट दिल्यावर ते जवळजवळ वांझच झाले. माद्यांची अंडी धड राहिली. पण मादी नराचे शुक्राणू पोटातल्या एका पिशवीत साठवून पुढं वापरते, आणि त्या साठ्यालाही झळ बसली.

शुक्राणूच का? उष्णतेनं पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. त्या सावरायला पेशी 'हीट शॉक प्रथिनं' तयार करते. या प्रतिसादाचा पहिला धागा इटलीच्या फेरुच्चिओ रितोसा यांना 1962 मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांत दिसला. ही प्रथिनं बनवायची तर जनुक वाचावं लागतं. शुक्राणू घडताना त्याचा डीएनए हिस्टोन नावाची नेहमीची प्रथिनं सोडून प्रोटामिन नावाच्या प्रथिनांभोवती करकचून आवळला जातो, पेशीद्रव गळून पडतं, जनुकवाचन जवळपास थांबतं. म्हणजे गाडी रस्त्याला लागली, गॅरेज मागं राहिलं. फळमाशीचे नर 30-31 अंशांत वाढवले तरी वांझ निघतात, माशी मरायला मात्र याहून बरंच जास्त तापमान लागतं.

पण कीड उन्हानं वांझ होते म्हणून औषध फवारायचं थांबवू नका. मादी अनेक नरांशी जुगते, त्यातला एक धड निघाला तरी पुरतो. आणि ऊब जरा वाढली की अंड्यापासून प्रौढापर्यंतचा काळ आखडतो, म्हणजे हंगामात एखादी पिढी जास्तच. शिवाय झळ मित्रकीटकांनाही बसते. उसातल्या खोडकिड्याची अंडी फस्त करणारी ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी फार नाजूक. ती शेतात सोडायची कार्डं भर दुपारी लावू नका, सकाळी लवकर नाहीतर उन्हं उतरल्यावर लावा.