लाल गोळीचं सहा महिन्यांचं गणित

हिमोग्लोबिन ८ आलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन-चार आठवड्यांत धाप लागायची थांबली, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येईनाशी झाली. आणि उरलेल्या गोळ्या कपाटात पडून राहिल्या. बरं वाटतंय, मग औषध कशाला? सर्दी-पडशात हा विचार खपून जातो. रक्तक्षयात, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असताना, मात्र तोच नडतो. का नडतो, ते थोडा गुणाकार-भागाकार केला की लख्ख दिसतं.

५० किलो वजनाच्या बाईच्या अंगात सुमारे साडेतीन लिटर रक्त असतं. तिचं हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर न्यायचं, तर दर १०० मिलिलिटर रक्तामागे ४ ग्रॅम, म्हणजे एकूण १४० ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने तयार व्हायला हवं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे झाले जवळपास ४७५ मिलिग्रॅम. पण हिशेब इथे संपत नाही. रक्तातलं लोह कमी पडायच्या आधी यकृतातला आणि अस्थिमज्जेतला साठा संपलेला असतो. कणगी रिकामी झाल्यावरच चूल थंडावते. तो साठा भरण्यासाठी डॉक्टर आणखी ५०० मिलिग्रॅम धरतात. एकूण गरज हजाराच्या घरात गेली.

आता जमेची बाजू. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ६० पैकी आतड्यातून रक्तात शिरतं ते साधारण दहा टक्के, म्हणजे ६ मिलिग्रॅम. रोजच्या जेवणातलं लोह रोजच्या झिजेत आणि पाळीत खर्च होतं असं धरलं, तर दिवसाला एक गोळी घेऊन हिमोग्लोबिन जागेवर यायला अडीच-पावणेतीन महिने लागतात. साठा भरेपर्यंत साडेपाच महिने जातात. तिसऱ्या आठवड्यात गोळी सोडणाऱ्या बाईला बरं वाटत असतं ते खरं, पण तिचा साठा तेव्हा शून्याच्या आसपासच असतो. हळूहळू ती पुन्हा होती तिथे येते आणि म्हणते, ‘मला गोळ्या लागूच पडत नाहीत.’

मग दिवसाला दोन-तीन गोळ्या घेऊन हे लवकर उरकता येईल का? इथे शरीराचा स्वतःचा कायदा आड येतो. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय आपल्या शरीरात नाही, आणि साठलेलं लोह यकृत-हृदयाला इजा करतं. त्यामुळे नियंत्रण सगळं आत घेतानाच असतं. हे काम हेप्सिडिन नावाचं संप्रेरक करतं. ते यकृतात तयार होतं आणि आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारं फेरोपोर्टिन हे प्रथिन बंद पाडतं. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह एकदम पोटात गेलं, की हेप्सिडिन वाढतं आणि दिवसभर चढलेलं राहतं. लगेच घेतलेल्या पुढच्या गोळीतलं लोह त्यामुळे कमी प्रमाणात शोषलं जातं. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये हे मोजून दाखवलं. एक दिवसाआड गोळी दिल्यावर प्रत्येक गोळीतून मिळणारा वाटा वाढला. ज्यांना रोजची गोळी सोसत नाही, त्यांनी गोळी बंद करण्याऐवजी एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. गरोदरपणात मात्र सरकारी कार्यक्रम रोजची गोळी सांगतो, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. तिथे परस्पर बदल करू नये.

‘गोळ्या कशाला, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो. बीट लाल असतं ते बीटालेन या रंगद्रव्यामुळे, लोहामुळे नव्हे. बाजरी खरोखर चांगली. १०० ग्रॅममध्ये ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. पण धान्य-भाज्यांतल्या लोहापैकी अंगी लागतं ते पाच-आठ टक्के, म्हणजे त्या बाजरीतून अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. वरणावर लिंबू पिळलं तर हा वाटा वाढतो, जेवणावर चहा घेतला तर निम्म्यावर येऊ शकतो. चांगल्या आहाराने रक्त टिकतं. हजार मिलिग्रॅमची तूट मात्र एकट्या भाकरीने भरून निघत नाही, आणि ते त्या बाईच्या कष्टाळूपणावर किंवा स्वयंपाकावर अवलंबूनही नाही.

गोळीच्या त्रासाबद्दल आधी सांगितलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मळमळ होते, पोट जड वाटतं, काहींना बद्धकोष्ठता होते. शौचाला काळी होते, आणि ती बघून घाबरून कितीतरी जणी गोळी सोडतात. न शोषलं गेलेलं लोह बाहेर पडतं म्हणून तो रंग येतो. त्यात भिण्यासारखं काही नाही. रिकाम्या पोटी शोषण सर्वांत चांगलं, पण मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने घ्यावी. कॅल्शियमच्या गोळीशी मात्र तिची गाठ घालू नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. गावातल्या आशा कार्यकर्त्या दोन्ही गोळ्या एकाच वेळी हातात देतात आणि दोन्ही एकाच घोटाबरोबर जातात. ‘गोळ्या उष्ण पडतात’, ‘बाळ काळं होतं’ अशी भीती घराघरांत असते. बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो, गोळीचा त्याच्याशी संबंध नाही. खरा धोका वेगळाच आहे. लहान मुलाने या गोळ्या गोड समजून मूठभर खाल्ल्या, तर ती जिवावर बेतणारी विषबाधा असते. डबा त्यांच्या हाताला लागू देऊ नये.

या गोळीतल्या दुसऱ्या औषधाची, फॉलिक ॲसिडची, गोष्ट आपल्या परळमध्ये सुरू होते. १९२८ साली लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये तेव्हा एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता. त्यात रक्तपेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने फार थोड्या असत. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या बायका काय खातात ते तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले आणि यीस्टचा खारट अर्क, म्हणजे मार्माइट, रुग्णांना देऊन पाहिला. रक्त भराभर सुधारलं. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक कोणता हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाला. त्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाची सूत्रं येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्याच तेलुगू शास्त्रज्ञाकडे होती. ज्यांच्या रक्तावरून हे सगळं कळलं, त्या गिरणगावातल्या बायकांची नावं मात्र कुठे वाचायला मिळत नाहीत.

फॉलिक ॲसिड करतं काय? अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी तयार करते. प्रत्येक विभाजनाआधी डीएनएची प्रत काढावी लागते आणि ते फोलेटशिवाय (फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप) जमत नाही. फोलेट नसेल तर पेशी फुगत राहते, दुभागत नाही. गर्भातही हेच. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, आणि तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवं असं ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायला सांगतात. लोह चौथ्या महिन्यापासून, फॉलिक ॲसिड त्याच्याही आधीपासून.

मोठ्या पेशींचा रक्तक्षय बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतो, आणि शाकाहारी घरांत तो नेहमीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी निघालं, फोलेट मात्र पुरेसं होतं. नुसत्या फॉलिक ॲसिडने अशा रुग्णाचं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासून घ्यावं.

गोळ्या सुरू केल्यावर महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा मोजलं पाहिजे. नेमाने घेऊनही ते एकाने तरी वाढलं नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं. आतड्यातले हुकवर्म (रक्त शोषणारे जंत), पाळीतला अति रक्तस्राव, बी-१२ ची कमतरता किंवा थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असणं, यांपैकी काहीही असू शकतं. गडचिरोली, नंदुरबार भागात सिकलसेल हा दुसरा आनुवंशिक रक्तविकार आधी तपासावा; त्या रुग्णाला फॉलिक ॲसिड लागतं, लोह मात्र तपासणीशिवाय देत नाहीत. आणि पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे पाहिल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर भागवू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे अनेकींचा साठा दिवस जायच्या आधीच आटलेला असतो, आणि एका गरोदरपणाला स्वतःचं असं आणखी हजारेक मिलिग्रॅम लोह लागतं. आठव्या महिन्यात पहिल्यांदा रक्त तपासून ७.५ आलेल्या बाईकडे १८० दिवस नसतात. अशा वेळी रुग्णालयात आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज शिरेतून देतात. आतड्याचा अडसर टळतो आणि लोह थेट रक्तात पोहोचतं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर उपचार रुग्णालयातच व्हायला हवेत, आणि ५ च्या खाली गेलं असेल तर तातडीने दाखल करून रक्त द्यावं लागतं.