बुजलेलं मांजर आणि आजारी मांजर: दोन्ही पलंगाखालीच बसतात

दत्तक आणलेलं मांजर पिंजऱ्यातून बाहेर पडतं ते थेट पलंगाखाली, फ्रिजच्या मागे नाहीतर वॉशिंग मशीनच्या फटीत शिरतं. मग ते खात नाही, हाक मारली तर फिरकत नाही, हात पुढे केला तर फिसकारतं. नव्या घराला बुजलेलं धडधाकट मांजर असंच वागतं. ताप असलेलं, पोट बिघडलेलं किंवा कुठेतरी दुखत असलेलं मांजरही असंच वागतं. मांजर शिकारी असलं तरी आकाराने लहान, मोठ्या प्राण्यांच्या तोंडी सहज जाणारं. त्यामुळे भीती असो की दुखणं, दोन्हीवर त्याचा उपाय एकच असतो: आडोशाला जायचं आणि गप्प बसायचं.

गफलत दोन्ही बाजूंनी होते. कुणी बुजलेल्या जिवाला पलंगाखालून ओढून काढतं, मांडीवर घेतं, शेजारची मुलं बघायला बोलावतं. तर कुणी तापाने फणफणलेल्या मांजराकडे बघून ‘होईल हळूहळू सवय’ म्हणत थांबून राहतं. पहिली चूक थोड्या धीराने भरून निघते. दुसरी कधी कधी भरून निघत नाही, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

भीतीचं कारण बाहेर असतं: अनोळखी वास, माणसांची ये-जा, मिक्सरचा आवाज, दिवाळीचे फटाके, गणपतीतले ढोल-ताशे. ते कारण कमी झालं की भीतीही उतरते. आजाराचं कारण शरीरात असतं, त्यामुळे रात्री दोनला घर चिडीचूप झालं तरी आजारी मांजर तसंच बसून राहतं. म्हणूनच नव्या मांजराचा अंदाज दिवसा घ्यायचा नाही, सकाळी उठून रात्रीचा पुरावा बघायचा. बुजलेलं मांजर रात्री बाहेर येतं. लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीत, उकरल्याच्या खुणा, ओला गोळा, खिडकीच्या कट्ट्यावर दोन केस, जागेवरून सरकलेली वाटी, यातलं काहीतरी सापडतंच. अंधारात मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवला तर उत्तमच.

वाटीचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त तिथूनच कळतं. बुजलेलं मांजर तुमच्यासमोर वाटीकडे येतच नाही. तुम्ही खोलीतून गेलात की तासा-दोन तासांनी वाटी अर्धी झालेली असते. आजारी मांजर पुष्कळदा वाटीपर्यंत येतं. उकडलेल्या चिकनवर नाक नेतं, ओठ चाटतं, दोनदा गिळल्यासारखं करतं आणि तोंड फिरवून निघून जातं. ही मळमळ. सर्दी झालेलं मांजरही येतं, हुंगतं आणि उभंच राहतं. नाक चोंदल्यामुळे त्याला वास येत नाही आणि वास आला नाही तर मांजर सहसा खात नाही. अशा वेळी अन्न किंचित कोमट करून दिलं आणि त्याने लगेच तोंड लावलं, तर डॉक्टरांना सांगण्यासारखी खूण मिळाली. खाणं नजरेने मोजू नका. वाटी ठेवताना आणि उचलताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. घरात दुसरं मांजर असेल तर हे मोजमाप वेगळ्या खोलीतच जमतं.

दत्तक देणाऱ्यांच्या वर्तुळात ‘३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने’ असा एक आडाखा सांगतात: पहिले ३ दिवस धास्तीचे, ३ आठवड्यांत घराची रीत कळते, ३ महिन्यांत घर आपलंसं वाटतं. जवळ येण्याच्या बाबतीत आडाखा चांगला आहे. माझा आक्षेप तो खाण्याला लावण्याला आहे. मांजराचं शरीर उपाशी राहण्यासाठी बनलेलं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत काम करेनासं होऊ शकतं. अंगाने भरलेल्या मांजरांना हा धोका जास्त. म्हणजे निव्वळ भीतीने सुरू झालेला उपासही पुढे खरा आजार होतो. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा. ४८ तासांवर गेलं तर फोनवर न थांबता घेऊन जावं. पिल्लांना एवढीही मुदत नसते, त्यांचा अर्धा दिवस उपाशी गेला तरी पुरे.

आता चेहरा. पलंगाखाली टॉर्च मारू नका, जमिनीवर लांब आडवे व्हा आणि तिरक्या नजरेने बघा. भ्यालेल्या मांजराचे डोळे टक्क उघडे असतात, बाहुल्या मोठ्या काळ्याभोर, कान डोक्याला चिकटलेले. आणि ते तुमच्याकडेच बघत असतं. तुम्ही हललात की त्याचं डोकं हलतं. दुखणाऱ्या मांजराचा चेहरा वेगळा असतो. डोळे अर्धवट मिटलेले, कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेलेले, नाकातोंडाचा भाग ताणलेला, मिश्या ताठ, मान खांद्याच्या रेषेखाली झुकलेली. तुमच्या येण्या-जाण्याचं त्याला फारसं काही नसतं. कान, डोळे, नाकतोंड, मिश्या आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींवरून मांजराचं दुखणं मोजायची एक पट्टी माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक गोष्टीला ० ते २ गुण, एकूण १०. बेरीज ४ किंवा जास्त आली तर वेदनाशामकाचा विचार करायचा. घरी गुण देत बसायची गरज नाही, पण काय बघायचं ते यातून कळतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला दिसला, तर तीही तब्येत बिघडल्याची खूण समजावी.

घुरघुरण्यावर मात्र विसंबू नका. मांजर सुखात घुरघुरतं तसं वेदनेतही घुरघुरतं. कोपऱ्यात अंग आखडून बसलेलं, न खाणारं मांजर हात लावल्यावर घुरघुरलं म्हणजे ते रुळलं असं नाही.

श्वास मोजणं सोपं आहे आणि त्यात फसगत कमी. मांजर झोपलेलं असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते बघा. ३० च्या आत ठीक, वारंवार त्याच्या वर जात असेल तर दाखवायला हवं. रिक्षातून येताना घाबरून काही मिनिटं तोंड उघडून धापणारं मांजर घरी आल्यावर शांत होतं. खोलीत स्वस्थ बसलेलं मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ती भीती नव्हे. लगेच निघा.

लिटरच्या पेटीतला फरकही असाच. बुजलेलं मांजर पहिल्या दिवशी लघवी रोखून धरू शकतं, पण ते पेटीकडे फिरकतच नाही. मूत्रमार्ग अडलेला बोका पेटीत पुन्हा पुन्हा जातो, बराच वेळ जोर करतो, ओरडतो आणि पडते ती चार थेंब किंवा काहीच नाही. यात सकाळची वाट बघायची नसते, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. जुलाबाचं थोडं वेगळं. खाणं बदललं, धास्ती बसली की शी पातळ होते. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे आधीच्या ठिकाणी जे खात होतं तेच द्यावं, आणि लाडाने दूध तर नकोच. पण जुलाबात रक्त असेल, उलट्या थांबत नसतील आणि मांजर मलूल असेल, तर पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी. हा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण २ ते १० दिवस लागतात, त्यामुळे आणलं त्या दिवशी टुणटुणीत असलेलं पिल्लू घरी आल्यावर आजारी पडतं. लस न झालेल्या पिल्लांत यातून वाचणं अवघड. शिवाय विषाणू घरात महिनोन्‌महिने तग धरतो. आधीचं मांजर असलेल्या घरात नव्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवायचं ते याचसाठी.

कधी कधी दोन्ही एकत्रच असतं. रस्त्यावरून आलेल्या अनेक मांजरांच्या अंगात सर्दीचा हर्पीस विषाणू दडलेला असतो आणि घर बदलण्याच्या ताणाने तो डोकं वर काढतो. त्यामुळे मांजर घाबरलेलंही असतं आणि शिंकतही असतं, डोळ्यांतून पाणी येत असतं. तेव्हा ‘भीती की आजार’ यात न अडकता औषध आणि आडोसा दोन्ही द्यावं.

आडोसा म्हणजे साधं पुठ्ठ्याचं खोकं. नेदरलँड्समध्ये उत्रेक्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली, काहींना दिली नाहीत. खोकी मिळालेल्यांचा ताण लवकर उतरला. हे २०१४ सालचं. पलंगाखालची जागा पुठ्ठे लावून बंद करा आणि त्याच खोलीत दोन तोंडांचं खोकं ठेवा. लपायला मिळतं आणि तुम्हाला दिसतंही. मग जवळ बसून डोळे हळूहळू मिटून उघडा. माणसाने असं केलं की मांजरंही तसंच करतात आणि जवळ यायला जास्त तयार होतात, हे ससेक्स आणि पोर्ट्‌समथ विद्यापीठांच्या २०२० मधल्या अभ्यासात दिसलं आहे. नुसतं बुजलेलं मांजर एखाद्या संध्याकाळी डोळे मिटून उत्तर देतं.

शंका आली तर घरातली औषधं चालवू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीची गोचीड मारणारी परमेथ्रिनची औषधंही त्याला विषारी असतात.

दवाखान्यात नेताना खोक्यासकट उचलून पिंजऱ्यात सरकवा, वरून चादर टाका. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या मोठ्या आवारात कुत्र्यांपासून गुराढोरांपर्यंत सगळे असतात, तिथे पिंजरा जमिनीवर न ठेवता मांडीवर किंवा बाकावर ठेवावा. टेबलावर गेल्यावर बुजलेलं मांजरही थरथरतं, त्याचे ठोके आणि श्वास वाढतात, तापसुद्धा थोडा चढलेला दिसतो. त्यामुळे घरी झोपेत मोजलेला श्वास, वाटीचं वजन, शेवटची लघवी कधी झाली आणि रात्रीचा व्हिडिओ हे डॉक्टरांना आधी दाखवा, तपासणी मग.