सार्वत्रिक आरोग्यसेवा की खासगी आरोग्य विमा : खानदेशातील वाद

आजारी माणसाच्या खिशात किती पैसे आहेत हे न पाहता त्याच्यावर उपचार करणारी व्यवस्था म्हणजे सार्वत्रिक आरोग्यसेवा. तिचा खर्च करांतून किंवा सक्तीच्या वर्गणीतून भागतो. खासगी विम्यात कुटुंब दरवर्षी हप्ता भरते आणि भरती व्हायची वेळ आली की कंपनी पॉलिसीच्या अटींनुसार बिल देते. जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा आणला, तर ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी करांवर चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. भारतात आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांविना राहू नये, अशी शिफारस केली होती. मेडिक्लेम ही सरकारी विमा कंपन्यांची आरोग्य पॉलिसी १९८६ साली आली आणि २००० नंतर खासगी कंपन्यांना विम्याचे दार उघडले.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या आजच्या खानदेशात या वादाला तिसरी बाजूही आहे : सरकारच गरिबांच्या वतीने विम्याचा मार्ग धरते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व रहिवाशांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोग यांच्या खर्चापायी ज्यांना शेत गहाण टाकावे लागले असते, अशा घरांना या योजनेने खरोखर हात दिला, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

पण योजनेचे कार्ड बिल भरते, दवाखाना बांधत नाही. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा सातपुड्यात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कितीतरी पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. सरदार सरोवराच्या फुगवट्यालगतच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला. योजनेशी जोडलेली खासगी रुग्णालये मात्र शहरांत आहेत. डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३,००० मागे एक उपकेंद्र असा सरकारी निकष आहे, पण इमारत उभी राहिली म्हणजे डॉक्टर राहतोच असे नाही. नफ्याचा हिशेब करणारे कोणतेही रुग्णालय तोरणमाळच्या डोंगरात खाटा घालणार नाही. तिथे सरकारी यंत्रणा नसेल तर काहीच नसते.

सिकलसेल हे दुसरे उदाहरण. भिल्ल आणि पावरा समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यात वेळेवर तपासणी, रोजच्या गोळ्या आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. खासगी पॉलिसी बहुधा २४ तास भरती झाल्यावरच पैसे देते. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो. १ एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला गेला, तरी जन्मापासून आजार असलेल्या मुलासाठी तीन वर्षे हा केवढा काळ आहे! अशा रुग्णाला गावातली आशाताई आणि केंद्रातला गोळ्यांचा साठा पॉलिसीहून अधिक उपयोगी पडतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातही भर तपासणीवरच आहे.

मैदानी पट्ट्यातले चित्र वेगळे आहे. जळगाव, भुसावळ, धुळे येथील नोकरदार आणि व्यापारी कुटुंबे स्वखुशीने पॉलिसी घेतात. सिव्हिलमधली गर्दी, बाहेरून औषधे आणायला लिहून दिलेल्या चिठ्ठ्या आणि तपासणीच्या लांबलेल्या तारखा, ही त्यांची कारणे खरी आहेत. कॅशलेस मंजुरी आली की डिस्चार्जच्या दिवशी उसनवारी करावी लागत नाही. कंपनीमार्फत घेतलेल्या सामूहिक विम्यात हप्त्याचा बराच भार मालक उचलतो. रावेर-यावलच्या केळीबागेत रोजावर जाणाऱ्या मजुराला, कापूस वेचणाऱ्या बाईला किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला असा मालक नाही. वैयक्तिक पॉलिसीवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला, पण वयाबरोबर वाढत जाणारा हप्ता अनियमित मजुरीतून भरणे त्यानेही शक्य होत नाही. म्हणून खानदेशातील बहुसंख्यांसाठी खासगी विमा हा सार्वत्रिक सेवेला पर्याय ठरत नाही; परवडणाऱ्यांसाठी ती फार तर जास्तीची सोय आहे.

सार्वजनिक बाजूने काही भर पडली आहे. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. धुळ्यातील भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याआधीचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत करण्यात आले. आता खरा प्रश्न योजनेचा पैसा कुठे जातो हा आहे. फुले योजनेत सरकारी रुग्णालयेही सहभागी आहेत आणि काही उपचार त्यांच्यासाठीच राखून ठेवलेले आहेत. त्यांनी क्लेम नीट दाखल केले तर तोच निधी यंत्रे, औषधे आणि मनुष्यबळावर वापरता येतो. न केले तर रुग्णाबरोबर पैसाही खासगी रुग्णालयाकडे वळतो.