मोरचुदाला चुन्याची जोड कशी मिळाली

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की नाशिक, तासगावच्या द्राक्षबागांत डाऊनीची, म्हणजे केवडा रोगाची धास्ती सुरू होते. पानावर तेलकट पिवळे डाग, पान उलटले की पांढरी बुरशी, आणि कोवळा घड सापडला तर हंगामच हातचा जातो. नव्या बुरशीनाशकांच्या गर्दीतही मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण बागायतदाराने सोडलेले नाही. ते जन्माला आले तेच मुळी या रोगापायी.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात आणि निळा रंग त्या पाण्यामुळेच टिकतो. परीक्षानळीत तापवला की खडा पांढरा पडतो, थेंबभर पाणी घातले की पुन्हा निळा. बुरशीवर मात्र खरे काम करते ते त्यातले तांबे. हे प्रथम नीट दाखवले फ्रान्सच्या बेनेदिक्त प्रेव्हो यांनी, 1807 मध्ये. तांब्याच्या भांड्याशी संबंध आलेल्या पाण्यात गव्हाच्या काणीचे बीजाणू रुजत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले आणि पेरणीपूर्वी बियाणे मोरचुदाच्या पाण्यात भिजवायचा उपाय त्यांनी सुचवला. बियाण्याला तो चालला. पण नुसते मोरचुदाचे पाणी हिरव्या पानावर मारले तर ते आम्लधर्मी द्रावण पानच करपवते. त्यामुळे उभ्या पिकाला या शोधाचा उपयोग व्हायला आणखी पाऊणशे वर्षे गेली.

1878 च्या सुमारास डाऊनी अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला. त्याआधी मुळांवरच्या फायलोक्सेरा किडीने तिथले मळे उद्ध्वस्त केले होते. तिला दाद न देणारे अमेरिकन वेल खुंटासाठी आणले गेले आणि त्यांच्याबरोबर हा रोगही आला, असे मानले जाते. 1882 च्या शरद ऋतूत फ्रान्सच्या बोर्डो शहरातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर मिलार्दे मेदोक भागातल्या सँ-ज्युलियाँच्या मळ्यांतून जात होते. सगळीकडे पाने गळालेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार, आणि त्यांच्या पानांवर निळसर पांढरा थर. येणारे-जाणारे द्राक्षे तोडू नयेत म्हणून तिथे मोरचूद आणि चुना शिंपडायची पद्धत होती. या योगायोगापेक्षा मला मोठे वाटते ते मिलार्दे यांनी पुढे केलेले काम. मळ्याचे व्यवस्थापक अर्नेस्त दाव्हिद आणि रसायनतज्ज्ञ युलिस गेयाँ यांना घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती जाहीर केली: 100 लिटर पाण्यात 8 किलो मोरचूद, 30 लिटर पाण्यात 15 किलो चुना.

आज आपण 100 लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतो. चुना मोरचुदाचे आम्ल मारतो आणि तांबे पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या रूपात पानावर चिकटून राहते. पुढे दव-पावसाच्या ओलीत ते इतके हळूहळू सुटते की बीजाणू मरतो, पान वाचते. म्हणून मिश्रण करताना घाई नको. दोन्ही द्रावणे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत करावीत, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतावे, उलटे नाही. मग विळ्याचे घासलेले पाते मिनिटभर बुडवून पाहावे. लोखंडावर तांबूस झाक आली, तर मोकळे तांबे उरले आहे, चुना आणखी हवा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, शिळे झाले की चिकटपणा जातो.

भारतात याचा मोठा उपयोग आधी सुपारीला झाला. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी 1910 च्या सुमारास कोळेरोगाचा, म्हणजे सुपारीची फळे कुजवणाऱ्या रोगाचा, अभ्यास करून घोसांवर बोर्डो फवारायला सांगितले. तोवर पावसाळ्यात एकेका घोसाला टोपी बांधायची रीत होती. कोकण-गोव्याच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, पाऊस लागण्याआधीची फवारणी आजही चुकवत नाहीत, आणि पुढची साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप पाहून.

शेताबाहेर मोरचूद भेटतो तो तांब्याचा मुलामा देण्याच्या कामात आणि जनावरांच्या खुरांसाठीच्या पाण्यात. रक्तदान शिबिरातही अनेकांनी तो पाहिला असेल. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब 1.053 विशिष्ट गुरुत्वाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो लगेच बुडाला तर हिमोग्लोबिन साधारण 12.5 ग्रॅमच्या वर आहे, म्हणजे रक्त घ्यायला हरकत नाही.

सेंद्रिय शेतीत परवानगी आहे म्हणून मोरचूद निरुपद्रवी ठरत नाही. पोटात गेला तर विष, ओढ्यात गेला तर माशांचा काळ. तांबे कुजत नाही, उडून जात नाही, मातीत साठत राहते आणि गांडुळांना जाचते. बोर्डोच्या जुन्या मळ्यांच्या जमिनीत ते साठलेले आहे. म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो. मोरचुदात तांबे पाव भागच असते, तेव्हा एक टक्का मिश्रणाच्या हजार लिटरमागे जमिनीवर अडीच किलो तांबे पडते. आपल्याकडे किती फवारण्या होतात याची नोंद प्रत्येकाने आपल्या वहीत तांब्याच्या किलोंत ठेवायला हवी.