थरांनुसार विजेट-चित्रण

विजेट म्हणजे बटण, यादी किंवा आलेख यांसारखा पडद्यावरचा एक घटक. तयार रूपावर भागत नाही, तेव्हा प्रोग्रामर त्याचे चित्र स्वतःच्या कोडमधून काढतो. पार्श्वभूमी, मजकूर, निवडीची चौकट असे भाग वेगळे ठेवून ते एकावर एक रंगवले, की ते थरांनुसार चित्रण होते.

मागचे आधी, पुढचे नंतर, एवढाच मूळ नियम. अर्धपारदर्शक थर खालच्या रंगात कसा मिसळावा, याचे गणित थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी 1984 मध्ये मांडले. आजही तेच वापरले जाते.

नवशिक्यांची गफलत होते ती क्रमात. जावा भाषेच्या स्विंग या विजेट-संचात आधी घटक स्वतः, मग त्याची किनार आणि शेवटी त्याच्या आतले घटक रंगतात. त्यामुळे ‘पेंटकंपोनंट’मध्ये, म्हणजे घटक स्वतःला रंगवतो त्या कोडमध्ये, काढलेली रेघ आतल्या बटणाखाली झाकली जाते. ती वर हवी असेल तर काचेचा थर, म्हणजे ‘ग्लासपेन’, किंवा 2011 च्या जावा 7 पासून मिळालेला ‘जेलेयर’ हा घटकावर चढवायचा थर वापरावा लागतो. अँड्रॉइडमध्ये घटक स्वतःला रंगवतो त्या ‘ऑनड्रॉ’चीही हीच गत.

थरांचा खरा फायदा मात्र क्रमापेक्षा वेगात आहे. आलेखावर माउससोबत फिरणारी एक उभी रेघ घ्या. सेकंदाला 60 चौकटी (फ्रेम) दाखवायच्या, तर प्रत्येकीला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हजारो बिंदू पुन्हा रंगवणे हा निव्वळ अपव्यय. म्हणून जाळी आणि वक्र एकदाच पडद्याआडच्या बफरमध्ये, म्हणजे स्मृतीत राखलेल्या चित्रात, काढून ठेवतात. दर खेपेस तो बफर उतरवायचा आणि वर रेघ ओढायची. याची किंमत स्मृतीत मोजावी लागते: 1920 × 1080 चा एक थर, दर पिक्सेलला 4 बाइट धरून, सुमारे 83 लाख बाइट खातो. दुप्पट घनतेच्या पडद्यावर तो आकडा चौपट होतो. शिवाय विजेटचा आकार बदलला की बफर नव्याने भरणे आले. म्हणून प्रत्येक थराला बफर देण्याचा सोस बरा नव्हे. क्वचित बदलणारे आणि काढायला महाग, तेवढेच साठवावे.

आणखी एक फसवी जागा अपारदर्शकतेची. विजेट अपारदर्शक आहे असे सांगून त्याचे सगळे पिक्सेल भरले नाहीत, तर जुन्या चित्राचे अवशेष मागे राहतात.

2020 च्या जीटीके 4 या विजेट-संचात विजेट थेट रंगवत नाही. काय काढायचे त्याच्या नोंदी देते आणि रंगवण्याचे काम पुढे होते.

क्लिक कुणाला लागली हे शोधताना मात्र क्रम उलटा धरतात: सर्वांत वरचा थर आधी तपासायचा.