चेंबर अ‍ॅडॅप्टर (छऱ्याच्या बंदुकीतील)

चेंबर अ‍ॅडॅप्टर : छऱ्याच्या बंदुकीत तिच्या ठरलेल्या काडतुसापेक्षा लहान काडतूस उडवता यावे म्हणून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, सरकवायची धातूची नळी. बाहेरून तिचा आकार मोठ्या काडतुसासारखा, बुडाशी तशीच कडा. आत मात्र लहान काडतुसाचे घर कोरलेले. बारा बोअरच्या बंदुकीत २० किंवा २८ बोअरचे अथवा .४१० चे काडतूस चालवणे हा तिचा नेहमीचा उपयोग. काही अ‍ॅडॅप्टरांच्या आतल्या नळीला आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, पाडलेले असतात आणि त्यांतून पिस्तुलाची गोळीही सुटते.

ही सोय एकाच दिशेने चालते, मोठ्यातून लहानाकडे. बारा बोअर म्हणजे नळीत नेमके बसतील असे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात. वीस बोअरला तेच वीस गोळे लागतात. म्हणून आकडा वाढला की भोक लहान होते : बारा बोअरची नळी सुमारे १८.५ मिमी, विसाची १५.६, अठ्ठाविसाची १४. यात .४१० हा एकटा वेगळ्या पंगतीतला. तो गोळ्यांचा हिशेब नसून इंचातला व्यास आहे, म्हणजे सुमारे १०.४ मिमी. ‘चारशे दहा बोअर’ असे सर्रास म्हटले जाते, पण ते खरे धरले तर नळी जेमतेम ५.७ मिमीची भरेल.

सर्वांत साधा प्रकार आखूड. तो फक्त चेंबर व्यापतो, लांबी काडतुसाएवढी. बंदूक मोडायची (म्हणजे नळी बिजागरीवर खाली झुकवायची), अ‍ॅडॅप्टर टाकायचा, त्यात काडतूस टाकायचे, बंद करायची. मोडणीची एकनळी किंवा दुनळी हेच त्याचे घर. पंप आणि स्वयंचलित बंदुकांच्या काडतूस सरकवणाऱ्या यंत्रणेत तो बसत नाही. बार झाल्यावर बंदुकीचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारा भाग, अ‍ॅडॅप्टरची कडा पकडून सगळा ठोकळाच बाहेर काढतो, आणि रिकामे काडतूस आतून काडीने ढकलावे लागते. बंदुकीला इजेक्टर, म्हणजे काडतूस बाहेर फेकणारी यंत्रणा, असेल तर तोच ठोकळा मागे गवतात उडून पडतो आणि नेमबाज पुढचा बार सोडून तो शोधत बसतो. .२२ रिमफायर गोळीसाठी तर आतले भोक मुद्दाम एका बाजूला पाडतात. कारण बंदुकीची पिन मधोमध आपटते, आणि या गोळीची ठिणगी तिच्या कडेत असते. कड मध्यावर यायची तर गोळी बाजूला सरकवणे भाग आहे.

आखूड अ‍ॅडॅप्टरची खरी उणीव पुढे दिसते. वीस बोअरची डाट, म्हणजे दारू आणि छरे यांमधली गुडदी, १५.६ मिमीच्या नळीसाठी केलेली असते. ती अ‍ॅडॅप्टरच्या तोंडातून एकदम १८.५ मिमीच्या नळीत येते, चहूबाजूंनी वायू निसटतो, छऱ्यांचा वेग घटतो आणि फेक विस्कटते. जवळच्या डब्यावर बार टाकायला हे पुरते, उडत्या पक्ष्यामागे नाही.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या स्कीट नेमबाजीने, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या टिपण्याच्या खेळाने, शोधला. हा खेळ १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे शिकारीचा सराव म्हणून सुरू झाला. तिथल्या पद्धतीत बारा, वीस, अठ्ठावीस आणि .४१० अशा चार स्वतंत्र स्पर्धा असतात. छऱ्यांचे वजन बाराला सुमारे ३२ ग्रॅम, आणि उतरत उतरत.४१० ला जेमतेम १४ ग्रॅम. चार स्पर्धांना चार बंदुका घ्याव्यात तर खर्च चौपट, शिवाय प्रत्येकीचा तोल आणि दस्ता निराळा. खांद्याला एक सवय लागते न लागते तोच दुसरी हाती येते. म्हणून बारा बोअरच्या, एकावर एक नळ्या असलेल्या दुनळीत तोंडापर्यंत पोहोचणाऱ्या पूर्ण लांबीच्या नळ्या घालण्याची रीत रुळली. ह्यूस्टनची ब्रायली ही कंपनी या कामासाठी जगभर ओळखली जाते. नळी अ‍ॅल्युमिनियमची, चेंबरचा भाग पोलादाचा किंवा टायटॅनियमचा, चोकही (तोंडाशी किंचित आवळलेला भाग) तिचा स्वतःचा. ती त्या विशिष्ट बंदुकीच्या नळीला जुळवून घासलेली असते आणि वरची कोणती, खालची कोणती याची खूण तिच्यावर असते. दांड्याने हलके ठोकून बसवतात, तसेच ठोकून काढतात. जोडीचे वजन पाव किलोच्या वर जाते आणि ते सगळे पुढच्या अंगाला येते. नवख्याला बंदूक तोंडाकडे झुकल्यासारखी वाटते, पण मुरलेल्या स्कीटवाल्यांना हेच वजन आवडते. जड नळी एकदा फिरू लागली की मध्येच अडखळत नाही. ऑलिंपिक स्कीटमध्ये मात्र २४ ग्रॅम छऱ्यांचे बारा बोअरचे काडतूस सगळे वापरतात, त्यामुळे तिथे या नळ्यांचे काही काम नाही.

मोठ्या नळीत छोटी घालण्याची कल्पना त्याहून जुनी. ब्रिटिश सैन्यात १८८० च्या दशकात मार्टिनी-हेन्री रायफलीत ‘मॉरिस ट्यूब’ बसवून बारक्या, स्वस्त गोळीने नेम शिकवत. जर्मन भाषक देशांतील शिकारी आजही तिनळी बंदुकीच्या छऱ्याच्या नळीत ‘आइनस्टेकलाउफ’ नावाची आटेदार नळी घालतात. कोल्ह्यासारख्या लहान जनावरासाठी मोठी गोळी वाया घालवायला नको म्हणून. इटलीच्या कियापा कंपनीने बारा बोअर आणि .२२ अशा दोन नळ्यांच्या घडीच्या बंदुकीसोबत आठ अ‍ॅडॅप्टरांचा संचच काढला. रानात जे काडतूस हाती लागेल ते चालावे, हा त्यामागचा विचार. विकायला तो छानच आहे.

दाबाच्या बाबतीत एक गैरसमज हमखास होतो : लहान काडतूस म्हणजे हलका बार. अमेरिकी प्रमाणात ७० मिमीच्या बारा बोअर काडतुसाला प्रति चौरस इंच ११,५०० पौंड ही कमाल मर्यादा आहे, ७६ मिमीच्या.४१० ला ती १३,५०० आहे. ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीची मर्यादा ३५,००० च्या घरात जाते. म्हणून अ‍ॅडॅप्टर कोणत्या बंदुकीत चालेल हे बनवणाऱ्याने लिहून दिलेले असते, आणि आजोबांच्या काळच्या दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) नळीत ‘छोटेच तर आहे’ म्हणून काहीही घालणे चुकीचे. काडतुसाच्या लांबीतही फसगत होते. काडतुसावर छापलेली ७० मिमी ही लांबी बार झाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची. भरलेले काडतूस त्याहून आखूड असल्याने ते ६५ मिमीच्या चेंबरमध्ये सहज बसते आणि बंदूक बंदही होते. बार होताना उलगडणारे तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. जुन्या इंग्रजी दुनळ्यांची चेंबरे बहुधा ६५ मिमीचीच असतात. अ‍ॅडॅप्टरच्या आतल्या चेंबरलाही हाच नियम लागू आहे.

सर्वांत वाईट अपघात अ‍ॅडॅप्टर खिशातच राहिल्याने होतो. वीस बोअरच्या काडतुसाची कडा सुमारे १९.४ मिमी रुंद असते. बारा बोअरचे चेंबर २०.३ मिमी असल्याने ते काडतूस त्यात घसरत आत जाते आणि पुढे चेंबर संपून १८.५ मिमीची नळी सुरू होते तिथे अडकून बसते. मागून पाहिले तर चेंबर रिकामे दिसते. घोडा पडूनही बार झाला नाही, म्हणजे भरायचेच राहिले असे समजून माणूस बारा बोअरचे काडतूस टाकतो. ते व्यवस्थित बसते. चाप ओढल्यावर मागचे काडतूस पुढच्यावर आदळते आणि नळी चेंबरच्या पुढे, नेमकी डाव्या हाताच्या पंजाजवळ फाटते. वीस बोअरची काडतुसे पिवळी करण्याची पद्धत पडली ती यामुळेच. अ‍ॅडॅप्टर वापरणाऱ्याच्या खिशात दोन्ही बोअरची काडतुसे एकत्र असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. त्यामुळे जाणकार एका वेळी एकाच बोअरची काडतुसे बरोबर ठेवतात.

भारतात परवान्याची छऱ्याची बंदूक म्हणजे बहुतेक वेळा बारा बोअरच. कोकणात रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवाना घेतलेल्यांकडेही ती दिसते, ठासणीच्या बंदुकीच्या जोडीने. तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. कारखाना १८६९ चा. ‘शक्तिमान’ हे त्यांचे नाव शिकारीच्या काळापासून लोकांच्या तोंडी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत सुटे भागही येतात, आणि ९ मिमीसारखी बोअरे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत. त्यामुळे आटेदार अ‍ॅडॅप्टर परदेशातून मागवणे ही टपाल खर्चापुरती गोष्ट राहत नाही. साध्या अ‍ॅडॅप्टरचीही अडचण काडतुसापाशी येते : परवान्यावर बोअर लिहिलेले असते, आणि दुकानदार त्याच बोअरची काडतुसे मोजून देऊन तशी नोंद करतो.