हेवी ऑइलवर सॉलिड की पर्ल? चकाकणारा बॉल उचलण्याआधी हे वाचा

बोलिंगमध्ये हेवी ऑइलसाठी, म्हणजे जाड तेल मारलेल्या लेनसाठी, बॉल घ्यायचा म्हटलं की नव्या माणसासमोर शेवटी दोनच प्रकार उरतात, दोन्ही रिअॅक्टिव्ह रेझिन, दोन्ही महाग, कित्येकदा मॉडेलचं नावही एकच, फक्त एकाच्या पुढे सॉलिड लिहिलेलं आणि दुसऱ्याच्या पुढे पर्ल. आणि बरेच जण पर्लवर बोट ठेवतात, कारण तो चकाकतो आणि व्हिडिओत शेवटी असा काही वळतो की माणूस खुळावतोच. आमच्या ऐरोलीच्या ऑफिसातल्या एका पोराचं हेच चाललं होतं, "दादा, हा बघ ना कसला हुक मारतोय, मग ऑइल कमी-जास्त असलं तर काय बिघडतं?" बिघडतं रे बाबा, सगळं तिथेच बिघडतं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधी ऑइलचं बघू. बॉल जिथून सोडायचा त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब, रुंदीला ३९ पट्ट्या, त्यांना आपण बोर्डच म्हणतो. यातल्या फाउल लाइनकडच्या ३८ ते ४२ फुटांवर साधारणपणे मशीनने ऑइलचा पातळ थर दिलेला असतो आणि शेवटचा भाग कोरडा. बॉल ऑइलवर घसरतो, कोरडं लागलं की पकड घेतो, वळतो, मग सरळ रोल होत पिनांवर जातो. हा सगळा खेळ अडीच सेकंदांच्या आसपास संपतो, ताशी २५ ते २९ किलोमीटर वेगाने टाकला तर. आपल्याला नुसत्या डोळ्यांनी ऑइल दिसत नाही म्हणून सगळा घोळ होतो, लेन दिसायला सारखीच.

इथेच आणखी एक गल्लत होते, ती आत्ताच मिटवून टाकू. हेवी ऑइल वेगळं आणि लाँग ऑइल वेगळं. हेवी म्हणजे थर जाड, एकूण ऑइल जास्त. साध्या हाऊस पॅटर्नला, म्हणजे रोजच्या खेळासाठी ऑइल मारायच्या पद्धतीला, लेनवर वीस-पंचवीस मिलिलिटर पडत असेल तर तिशीच्या घरात गेलं की हेवी म्हणायला हरकत नाही. लाँग म्हणजे ऑइल लांबवर गेलेलं, समजा ४५-४७ फुटांपर्यंत, मग कोरडी जागा उरतेच किती. लांबीवरून तुमची लाइन ठरते, त्यासाठी खेळाडू ३१ चा हिशेब करतात, पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा, जो आकडा येईल त्या बोर्डाच्या आसपास बॉलने वळायला सुरुवात करायला हवी. ४१ फुटांचा पॅटर्न असेल तर दहावा बोर्ड (उजव्या हाताच्या खेळाडूने उजवीकडून मोजायचा), ४७ चा असेल तर सोळावा, म्हणजे बॉल बाहेर फेकायचाच नाही, आतूनच सरळसोट खेळायचं. हा अंदाज आहे हां, कायदा नाही. पण किती ऑइल आहे यावरून बॉलचं कव्हर, म्हणजे बाहेरचं आवरण, ठरतं आणि कुठवर आहे यावरून उभं कुठे राहायचं ते ठरतं, एवढं पक्कं धरलं तरी निम्मी डोकेदुखी जाते. फक्त "ऑइल खूप आहे" एवढ्यावर बॉल मागवणारे बरेचदा लाँग पॅटर्नसाठी हेवी ऑइलचा राक्षस घरी आणतात.

आता सॉलिड आणि पर्ल. दोन्हीचं मूळ एकच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन या कव्हरच्या आधीच्या मालात थोडे बदल करून रिअॅक्टिव्ह रेझिन आलं, त्याच्या पृष्ठभागाला बारीक छिद्रं असतात आणि ती ऑइल शोषून घेतात. पर्लमध्ये या मिश्रणात अभ्रकाची पूड घालतात, तीच ती मोत्यासारखी चमक. सॉलिडमध्ये अभ्रक नाही. बस, कव्हरच्या मालात फरक एवढाच, पण लेनवर तो मोठा ठरतो. अभ्रकामुळे पर्ल ऑइलवर कमी अडतो, जास्त घसरतो, ताकद राखून ठेवतो आणि कोरडं लागलं की झटक्यात वळतो. सॉलिड ऑइलमध्येच पकडायला सुरुवात करतो, आधी वळतो, आणि त्याचं वळण लांबलचक, गुळगुळीत कमान असते, बघायला तेवढी मजा येत नाही.

व्हिडिओत पर्ल भारी दिसतो तो या झटक्यामुळे. आणि त्या झटक्यासाठी मागे कोरडी लेन लागते, हे कुणी सांगत नाही. ऑइल जाड असेल तर पर्ल घसरतच राहतो, वळायची जागा येते तोवर पिना समोर आलेल्या असतात, मग तो उजव्या हाताच्या खेळाडूसाठी पॉकेटच्या (पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधल्या फटीच्या) उजवीकडे हलकाच लागतो आणि पिनांना धडकून बाजूला ढकलला जातो. मधली पाच नंबरची पिन उभी, किंवा २-४-५-८ चा तो चौकोन, ज्याला बकेट म्हणतात. अशा पिना वारंवार राहायला लागल्या तर समजा बॉल वेळेत वळत नाहीये.

याच्या उलट प्रकारही असतो आणि तो ओळखायला जास्त कठीण. बॉल पॉकेटमध्ये बरोबर गेला, सगळ्या पिना पडल्या, दहा नंबरची एकटी उभी, आणि सहा नंबरची तिच्यासमोर गटरमध्ये आडवी पडून राहिली. म्हणजे बॉल आधीच वळून मोकळा झाला होता, पिनांपर्यंत जाईतो त्याच्यात दम उरला नव्हता. हे झालं की लोक म्हणतात "ऑइल जास्त आहे, अजून जोरदार बॉल हवा" आणि आणखी रफ सॉलिड घेऊन येतात, म्हणजे रोग वाढवतात. इथे चकचकीत बॉल हवा असतो किंवा आत सरकायला हवं असतं. म्हणून कुठली पिन राहिली ते बघा, तुम्हाला काय वाटलं ते नंतर.

कव्हरच्या मालापेक्षाही, माझ्या मते, त्यावरची घासणी महत्त्वाची. अमेरिकेत बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसी या संस्थेने बॉलच्या हालचालीवर मोठा अभ्यास केला होता त्यातही हेच पुढे आलं, बॉलच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा बाकी गोष्टींपेक्षा जास्त फरक पाडतो. पावसाळ्यात घोडबंदर रोडला टायरची नक्षी झिजलेली गाडी कशी घसरते, नव्या टायरची कशी धरून ठेवते, तसं आहे हे, नुसतं रबर चांगलं असून भागत नाही, पाणी बाजूला सारायला खाचा लागतात. बॉलवर त्या खाचा ग्रिटने येतात. अब्रालोनचे गोल पॅड मिळतात ५००, १०००, २०००, ४००० असे, आकडा जितका लहान तितकं रफ. हेवी ऑइलला १००० ते २००० च्या आसपासचं सॉलिड, ही बहुतेकांना चालणारी जागा आहे. ५०० ला उतरायची गरज फार क्वचित पडते, आणि पडली तरी बॉल इतका लवकर वळतो की रिव्ह (बॉलला दिलेली फिरकी) जास्त असलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊच नये.

मग पर्ललाच घासून १००० केलं तर? हा प्रश्न येतोच. तर हो, तो बराच आधी पकडेल, आणि सॉलिडला पॉलिश मारलं तर तो बराच घसरेल, दोघं एकमेकांच्या जवळ येतात. पण पूर्ण बदलत नाहीत. घासलेल्या पर्लची पकड आधी येते पण मागचा तो तिखटपणा थोडा राहतोच, त्यामुळे हेवी ऑइलवर तो कधी धरतो कधी सोडतो, आणि स्पेअर (उरलेल्या पिना दुसऱ्या फेकीत पाडणं) चुकवायला एवढं पुरतं. दोन-चार हजार वाचवायला हा खटाटोप करू नका, पण घरात पर्ल आहेच आणि उद्या स्पर्धा आहे तर नक्की करा.

घासायला मशीन नसलं तरी चालतं. बॉल हातात धरून घासला की सटकतो आणि पाय फुटायची वेळ येते, त्यापेक्षा बाथरूममध्ये जुन्या कापडाची चुंबळ करून त्यावर बॉल ठेवायचा, पॅड पाण्याने ओला करायचा, फार जोर न लावता गोल गोल फिरवत वरचा अर्धा भाग घासायचा, मग बॉल उलटा करून दुसरा अर्धा, मग दोन्ही बाजूंनी आडवा करून परत. बॉलच्याच रंगाचं गढूळ पाणी निघतं, ते निघायला लागलं की काम होतंय. शेवटी कोरड्या टॉवेलने पुसून उजेडात धरा, चमकणारा पट्टा कुठे राहिला असेल तर दिसतो, तिथे परत एक हात. घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर बाथरूममध्ये काय खरवडतोय म्हणून चौकशी होते. हे अधूनमधून करावंच लागतं कारण लेनवर घासून घासून २००० चा बॉल आपोआप गुळगुळीत होत जातो, आणि मग लोक म्हणतात बॉल मेला.

मरतोही, पण तो ऑइल पिऊन. सॉलिड हेवी ऑइलवर चालतो तोच मुळी ऑइल शोषतो म्हणून, त्यामुळे त्याची सेवा जास्त करावी लागते. खेळून झालं की लगेच क्लीनरने पुसायचा, घरी जाऊन नाही, तिथेच. यूएसबीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून सामना चालू असताना क्लीनर वापरायला बंदी आणली, आणि सामना सुरू झाल्यावर पृष्ठभाग घासायलाही बंदी आहे, जे काय करायचं ते आधी.

कोरबद्दल, म्हणजे बॉलच्या आतल्या वजनाच्या ठोकळ्याबद्दल, थोडक्यात. बॉक्सवर दोन आकडे असतात, आरजी आणि डिफरन्शियल. आरजी म्हणजे बॉलचं वजन मध्यापासून किती दूर पसरलंय ते, नियमाने २.४६ ते २.८० च्या मध्ये, कमी आरजीचा बॉल लवकर रोल व्हायला लागतो, म्हणून हेवी ऑइलला २.५० च्या आसपास किंवा खाली बघायचं. डिफरन्शियल ०.०६० च्या वर जाऊ देत नाहीत, तो जास्त असला की बॉलचा फिरण्याचा आस सरकत जातो आणि प्रत्येक फेरीला कोरडा पृष्ठभाग लेनला लागतो. बॉल परत आला की त्यावर ऑइलच्या रिंगा बघा, वेगवेगळ्या पसरलेल्या असतील तर हे होतंय, सगळ्या एकावर एक असतील तर बॉल स्वतःच्याच ऑइलवरून घसरतोय. या मर्यादेचं लोक किती मनावर घेतात बघा, २०१६ मध्ये मोटिव्ह कंपनीच्या जॅकल आणि जॅकल कार्नेज या दोन बॉलची मान्यता यूएसबीसीने काढून घेतली होती, कारण डिफरन्शियल मर्यादेच्या वर निघालं. पण आकड्यांच्या मागे लागून चकचकीत पर्ल घेतलात तर तो कोर ऑइलमध्ये नुसता फिरत बसणार, लेनला बोट लावायचं काम कव्हरचंच. सिमेट्रिक-असिमेट्रिकचा वाद तर पहिल्या बॉलला बाजूलाच ठेवा.

उदाहरण द्यायचं तर स्टॉर्मचा फेझ टू, सिमेट्रिक कोर, आरजी २.४८, डल फिनिशचा सॉलिड, वर्षानुवर्षं लोक हेवी-मीडियमला तोच काढतात. त्याच कंपनीचा हाय-रोड हायब्रिड आहे, म्हणजे सॉलिड आणि पर्लची भेसळ, आणि हाय-रोड पर्ल म्हणून वेगळाही निघाला, दिसायला भावंडं पण हेवी ऑइलला पर्लच्या वाटेला जायचं नाही. स्टॉर्मच्या बॉलला वासही असतो हां, फळांचा वगैरे, बॅग उघडली की लोक वळून बघतात.

आपल्याकडचं खरं सांगायचं तर ठाणे-नवी मुंबईतल्या मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये हेवी ऑइल भेटायची शक्यता कमी. तिथे रॅकवरचे बॉल प्लॅस्टिकचे, ते कुठल्याही ऑइलवर सरळच जातात, त्यावरून लेनचा अंदाज बांधू नका. दुपारी एकदा ऑइल मारलं आणि संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या पार्ट्यांनी लेन तुडवली की उलट ऑइल पुढे ओढलं जातं आणि मधे ठिगळं पडतात. अशा लेनवर रफ सॉलिड दहाव्या-पंधराव्या फुटालाच वळायला बघेल. तिथेच खेळायचं असेल तर पर्ल घ्या, खुशाल घ्या. सॉलिड कुणी घ्यावा, तर ज्याला टेनपिन बोलिंग फेडरेशनच्या किंवा राज्याच्या स्पर्धा खेळायच्या आहेत, जिथे सामन्याआधी ताजं ऑइल पडतं आणि बाहेरच्या बोर्डांवरही बऱ्यापैकी असतं.

ऐरोलीच्या त्या पोराला सॉलिड घे म्हटलं, कारण त्याला स्पर्धाच खेळायच्यात आणि तो बॉल जोरात फेकतो, मनगट फारसं फिरवत नाही. वेग जास्त आणि रिव्ह कमी असली की बॉलला ऑइलमध्ये वेळच मिळत नाही, त्याला पकडणारं कव्हर लागतं. हाच हळू टाकणारा, जोरदार मनगटाचा असता तर हायब्रिड सांगितला असता. त्याने विचारलं, "मग पर्ल कधीच नको?" नको कसा, तिसऱ्या गेमपर्यंत ऑइल फाटतं, सॉलिड आधीच वळायला लागतो आणि दहा नंबरची पिन सतवायला लागते, तेव्हा बॅगेतून पर्लच काढायचा, म्हणून तो दुसरा घ्यायचा.

आणि ऑर्डर करायच्या आधी ड्रिलिंग कोण करून देणार ते विचारून घ्या. बॉल न भोक पाडलेला येतो, तुमच्या हाताच्या मापाने भोकं पडेपर्यंत तो नुसता सात किलोचा शोपीस. माप द्यायला जाताना थोडं खेळून गेलेलं चांगलं, कारण खेळताना अंगठा थोडा सुजतो आणि घरून थंड हाताने दिलेलं माप चौथ्या फ्रेमला अडकायला लागतं.